स्वयंपाकघर आणि डायनिंग एक करतोय, मधे आयलँड करावं की पेनिन्सुला? सोलापूरकरांनो सांगा

होटगीरोडची_सून
नमस्कार मंडळी. होटगी रोडला आमचं बैठं घर आहे, सासऱ्यांनी बांधलेलं, त्याच्या स्वयंपाकघराचं काम काढायचंय. सध्या स्वयंपाकघर ११ बाय १० आणि त्याला लागून पश्चिमेला डायनिंग ११ बाय ९, मधे भिंत. ती पाडून दोन्ही एक करायचं ठरतंय म्हणजे ११ रुंद आणि १९ लांब असं सलग मिळेल. ओटा पूर्वेच्या भिंतीला आहे तो तिथेच ठेवायचा, सासूबाईंना पूर्वेकडं तोंड करूनच स्वयंपाक करायचाय आणि माझीही काही हरकत नाही.

घरात सहा माणसं. दोन्ही वेळेला भाकरी. सासूबाईंची उंची ५ फूट, माझी ५ फूट ३ इंच, त्यांचे गुडघे दुखतात म्हणून खाली बसून काही करायचं आता बंद झालंय. गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे येतात तेव्हा एकाच वेळी चार-पाच जणी स्वयंपाकघरात असतात.

ह्यांचं म्हणणं मधोमध आयलँड म्हणजे सुटा कट्टा करूया, चारी बाजूंनी फिरता येतं. दुसरा पर्याय पेनिन्सुला, म्हणजे एक टोक भिंतीला टेकलेला कट्टा. इंटेरियरवाल्यानं दोन्हीची चित्रं दिलीत, दोन्ही छान दिसतात पण चित्रात भाकरी कुणी थापत नाही. सासूबाईंचा एकच प्रश्न आहे, "मी भाकरी कुठं थापू?" जाणकारांनी मापासकट सांगा प्लीज.

साइटवरचा
ताई आधी भिंतीचं बघा, बाकी सगळं नंतर. जुन्या बैठ्या घरांत बरेचदा कॉलम नसतात, स्लॅबचा भार विटांच्या भिंतींवरच असतो. प्लास्टर धरून साधारण ५ इंच जाड भिंत असेल तर ती बहुतेक नुसती आडभिंत, पण ९-१० इंच असेल तर ती भार घेत असणार असं धरूनच चाला आणि स्ट्रक्चरल इंजिनियरला घरी बोलवा. नुसत्या जाडीवरून पण ठरवू नका, वर बीम आहे का, त्याच रेषेत गच्चीवर पाण्याची टाकी किंवा जिन्याची खोली आहे का हे तो बघेल. भार असला तरी पाडता येते, पण आधी टेकू देऊन, वर लोखंडी गर्डर घालून, दोन्ही टोकांना त्याला नीट बैठक देऊन. गवंडी म्हणाला "काही होत नाही" म्हणून घण मारू देऊ नका.

आता मापं. ११ फूट म्हणजे १३२ इंच. ओटा पूर्वेच्या भिंतीला आहे म्हणजे आयलँड त्याला समांतर, तुमच्या ११ फुटाच्या रुंदीत बसणार. दोन्ही टोकांना माणूस जायला निदान ३६-३६ इंच सोडावे लागतात, म्हणजे ७२ गेले, आयलँड उरलं ६० इंच. ५ फूट. आणि दक्षिण-उत्तर दोन्ही भिंतींना तेवढ्या भागात कपाट लावता येणार नाही, फ्रिज लावता येणार नाही, कारण ती वाट आहे.

तेच दक्षिणेच्या भिंतीला टेकवा. उत्तरेला एकच वाट राहते, ती ३६ ऐवजी मोठी ४२ इंचाची ठेवली तरी ९० इंच मिळतात. साडेसात फूट. त्याच जागेत अडीच फूट कट्टा जास्त आणि एक भिंत पण मोकळी झाली. शिवाय वायर भिंतीतून येते, फरशी फोडावी लागत नाही. माझ्या मते १४-१५ फुटाच्या आतल्या रुंदीला आयलँडचा विचारच करू नये.

होटगीरोडची_सून
बापरे हे असं कुणी मोजून सांगितलंच नव्हतं. भिंत दाराच्या कडेला मोजली, प्लास्टर धरून ५ इंचाच्या आसपास भरते, पण इंजिनियरला दाखवतेच. आणि ओटा ते पेनिन्सुला मधली जागा किती? इंटेरियरवाल्यानं ३६ दाखवलीय.

साइटवरचा
३६ कमी. एकटीनं काम करायचं असेल तर ४२ इंच, दोघी एकमेकींच्या पाठीमागून जाणार असतील तर ४८. तुमच्याकडे दोघी रोजच्या आणि सणाला चार-पाच, तुम्ही ४८ च धरा. पण त्याहून जास्त नको, ५ फूट केलं की मागं वळून काही ठेवायला प्रत्येक वेळी पावलं टाकावी लागतात आणि तासाभराच्या स्वयंपाकात पाय भरून येतात. ओव्हरहेड कपाटांची, ट्रॉल्यांची दारं उघडून दोघींना उभं राहता येतंय का ते पण बघा, ट्रॉली उघडली की २० इंच बाहेर येते.

पुण्यातली_सोलापुरी
मी मूळची साखर पेठेतली, आता पुण्यात फ्लॅटमधे. आमच्या फ्लॅटला बिल्डरनंच आयलँड दिलंय आणि त्यावर शेगडी बसवून दिलीय. अनुभव सांगते. मागं भिंत नाही त्यामुळे फोडणीचे शिंतोडे समोरच्या बाजूला जमिनीपर्यंत जातात. कढईचा दांडा कुठल्याही बाजूला वळवला तरी तिकडून कुणीतरी जाणार, लहान मुलं असताना मला सतत धाकधूक असायची. चिमणी छताला टांगावी लागते, ती भिंतीच्या चिमणीपेक्षा महाग, आणि तिचा पाइप छतातून फिरवून बाहेर नेलाय त्याला तीन वळणं आलीत, जितकी वळणं तितकी ओढ कमी. हिरव्या मिरचीचा ठेचा केला की हॉलमधले पण खोकतात. तुमचा ओटा बाहेरच्या भिंतीला आहे ना, मग चिमणीचा पाइप सरळ पाठीमागून बाहेर काढा, हे फार मोठं सुख आहे, ते सोडू नका. शेगडी मधे आणूच नका.

साइटवरचा
+१. आणि गॅसच्या दृष्टीनं पण. सिलिंडरची रबरी नळी दीड मीटरपेक्षा लांब नको आणि ती भिंतीतून, फरशीखालून, कपाटाआडून नेऊ नये, दिसायला पाहिजे. पाच वर्षांनी बदलायची, तारीख छापलेली असते त्यावर. मधल्या कट्ट्याला गॅस न्यायचा म्हणजे तांब्याची पाइपलाइन आली. सिलिंडर बंद कपाटात ठेवणार असाल तर दाराला अगदी खाली जाळी हवीच, हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो, वरच्या जाळीचा काही उपयोग नाही.

सिंक पण मधे नको. त्याचा पाइप फरशीखालून उतार देत न्यावा लागतो आणि तुंबला की फरशी उकरा.

कडक_भाकरी
सासूबाईंच्या प्रश्नाला अजून कुणीच उत्तर दिलेलं नाहीये म्हणून लिहिते. आमच्या घरी पण सगळं भाकरीवर चालतं, कडक भाकऱ्या पण घरीच करतो त्यामुळे या विषयावर मला बोलायचंय.

इंटेरियरवाले सगळ्यांना ३४ इंचाचा ओटा देतात. भाजी चिरायला, लाटायला ठीक आहे. पण भाकरी ओट्यावर थापत नाहीत, परातीत थापतात, परातीचा काठ तीन-चार इंच वर येतो आणि पीठ मळताना आपण सगळं वजन तळहातावर टाकतो. कोपर शरीराला लावून ९० अंशात धरा आणि जमिनीपासून मोजा. ५ फूट उंचीच्या बाईचं कोपर साधारण ३७ इंचावर येतं. थापायची जागा त्याच्या ६-७ इंच खाली पाहिजे. म्हणजे ३० इंच. ३४ च्या ओट्यावर परात ठेवून थापलं की खांदे वर जातात, दहा भाकऱ्यांनंतर मान आणि खांदा जो धरतो तो रात्रीपर्यंत सुटत नाही. आमच्याकडं आई पाटावर उभी राहून थापायची आणि त्या पाटावरून उतरताना एकदा तोल गेला.

दुसरं, टेबलावर ठेवायची शेगडी स्वतःच चार-पाच इंच उंच असते. ३४ वर शेगडी, त्यावर तवा, म्हणजे तवा पार ४० इंचाला जातो, भाकरी टाकायला हात खांद्याच्या जवळ न्यावा लागतो आणि वाफ तोंडावर येते.

होटगीरोडची_सून
@कडक_भाकरी अगदी हेच होतं त्यांचं! मग पेनिन्सुला ३० इंचाचा करून त्यावर थापायची सोय करावी का? म्हणजे उभं राहून थापायचं आणि मागं वळून तव्यावर टाकायचं.

कडक_भाकरी
नको नको. थापलेली भाकरी दोन्ही तळहातांवर उचलून ४८ इंच मागं वळायचं म्हणजे एक पाऊल टाकावंच लागतं, ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नाही, ती हातावरच चिरते. आणि मधून पोरगं पळत गेलं तर? थापायची परात तव्याच्या शेजारीच हवी, नुसतं कंबरेतून वळून टाकता आली पाहिजे, पाऊल न हलवता.

माझं म्हणणं मुख्य ओट्यालाच पायरी द्या. तुमचा ११ फुटी ओटा आहे. त्यातला शेगडीचा आणि थापायचा मिळून साडेपाच फुटाचा भाग ३० इंचावर घ्या, बाकीचा सिंककडचा ३४ लाच ठेवा. सिंकला उंचीच बरी, कारण भांडं आत तळाशी असतं, सिंक खाली गेला तर वाकून भांडी घासावी लागतात. हॉब (ओट्यात बसणारी शेगडी) कापून बसवू नका, साधी शेगडी वर ठेवा. चिमणी मात्र बर्नरपासून मोजून लावा, ओट्यापासून नाही.

साइटवरचा
हे बेस्ट. हे मी पण लक्षात ठेवतो, साइटवर सगळे एकच लेव्हल मागतात. बर्नरपासून चिमणी साधारण २६ ते ३० इंच. पायरीच्या जागी ग्रॅनाइटची उभी पट्टी लावून सांधा नीट भरून घ्या, नाहीतर पीठ अडकून मुंग्या येतात.

सुतार_पूर्वभाग
ओ ताई मी पूर्व भागात राहतो, सुतारकाम करतो. मी काय सांगूलालोय ते जरा ऐका. ओट्याखाली पूर्ण प्लायचे डबे करू नका. आपल्याकडं पाणी रोज येत नाही, आलं की सगळे भांडी भरून घेतात, सांडतंय, फरशी धुतली जाते, खालून प्लाय पाणी पितो, मग वाळवी. खाली कडप्प्याचे किंवा ग्रॅनाइटचे उभे भाग करा, गवंडीकाम करतो तसे, आणि प्लाय फक्त दारांना. प्लाय घेताना ७१० नंबरचा (पाण्याला टिकणारा) छाप बघा, ३०३ वाला (साधा) सिंकजवळ नको. कडा चारी बाजूनं बंद झाल्या पाहिजेत, खालची कड कुणी बघत नाही म्हणून तशीच सोडतात, पाणी तिथूनच शिरतंय. ट्रॉल्या ३०४ स्टीलच्या, २०२ दिसायला सारखंच हाय पण गंज लवकर धरतंय.

पेनिन्सुलाच्या खाली बसायला पाय घालायची जागा ठेवणार का? ठेवणार असाल तर वरची फरशी किती बाहेर काढायची ते आत्ता सांगा, नंतर होत नाही. आपल्याकडं ग्रॅनाइट १६-१८ मिलीमीटर येतं, ते लई बाहेर काढलं की कुणी हात टेकून उठलं तरी तडकतं. सात-आठ इंचाच्या पुढं गेलं की खाली लोखंडी ब्रॅकेट पाहिजेच.

होटगीरोडची_सून
दादा खूप उपयोगी माहिती दिलीत. बसायची जागा ठेवायचीच आहे. मुलं अभ्यासाला तिथंच बसतील आणि सासूबाई भाजी निवडायला. उंच स्टूल मात्र नको, त्यांना चढता येणार नाही.

साइटवरचा
मग पेनिन्सुलाच ३० इंचाचा करा. ती जेवणाच्या टेबलाचीच उंची आहे, घरातल्या साध्या खुर्च्या चालतात, म्हातारी माणसं आणि मुलं दोघांनाही बसता येतं. ह्या उंचीला गुडघ्यासाठी १८ इंच खोल जागा लागते, ३६ इंच उंचीच्या कट्ट्याला १५ पुरते. माणशी २४ इंच रुंदी. वरची फरशी ३६ इंच रुंद घ्या, त्यातले १८ बसणाऱ्यांच्या बाजूला मोकळे आणि १८ ओट्याच्या बाजूला ड्रॉवरला. साडेसात फुटात तीन खुर्च्या ऐसपैस बसतात. १८ इंच बाहेर म्हणजे सुतारदादा म्हणतात तसे ब्रॅकेट हवेतच, किंवा टोकाला एक उभा ग्रॅनाइटचा पाय द्या.

हिशोब बघा: ओटा २४, मधली जागा ४८, पेनिन्सुला ३६, झाले १०८ इंच म्हणजे ९ फूट. खुर्चीच्या मागून माणूस जायचं असेल तर ४४ इंच. एकूण साधारण पावणेतेरा फूट. तुमच्याकडं १९ आहेत. उरलेल्या सव्वासहा फुटात एक छोटा दिवाण किंवा धान्याचं कपाट आरामात. यात्रेच्या वेळी पंगत पण तिकडं खाली बसू शकेल आणि वाढणाऱ्यांना पेनिन्सुलावर सगळी पातेली मांडून ठेवता येतील.

नवी_पेठ_काकू
सगळं वाचलं, छान चर्चा. मला तीन गोष्टी सुचवायच्यात ज्या चित्रात कधीच नसतात.

पहिली, पिण्याच्या पाण्याची जागा. आपल्या गावात चार-पाच दिवसांचं पाणी भरून ठेवायची सवय आहे. कळशा, पिंप, माठ हे कुठं जाणार? ते ठरवलं नाही की मग नवाकोरा पेनिन्सुला म्हणजे घागरी ठेवायचा कट्टा होतो आणि त्यावर काही करताच येत नाही. सिंकच्या पलीकडं कोपऱ्यात गुडघ्याएवढ्या उंचीचा शहाबादी फरशीचा दणकट कट्टा करून घ्या, दोन-अडीच फुटाचा, खाली जाळी आणि पाण्याला वाट. भरलेली कळशी ३४ इंचावर उचलायची वेळ कुणावरच येऊ नये.

दुसरी, ज्वारी. मंगळवेढ्याची मालदांडी वर्षाची एकदम भरणारी घरं अजून आहेत, तुमचंही असेल. कोठी स्वयंपाकघराच्या गरम भिंतीला नको, पश्चिमेची भिंत मे महिन्यात रात्रीपर्यंत तापलेली असते, तिथं फ्रिज पण नको. उत्तरेची भिंत दोन्हीला बरी, भिंतीपासून थोडी सुटी.

तिसरी, उखळ. शेंगाची चटणी मिक्सरात फिरवली तर कोरडी भुकटी होते, कुटली की तेल सुटतं, हे काय आपल्या लोकांना सांगायला नको. पण लोखंडी खलबत्ता पुढं आलेल्या ग्रॅनाइटवर ठेवून कुटू नका. भिंतीवर पूर्ण टेकलेला भाग असेल तिथंच, किंवा तो पाण्याचा कट्टा आहे ना, त्याच्याच बाजूला एक जागा. खुर्चीत बसून कुटता येईल अशी उंची होते.

होटगीरोडची_सून
काकू, पाण्याचा कट्टा! इतके दिवस आम्ही सगळे मिळून विचार करतोय आणि हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या ह्या बाईंना घरी जेवायला बोलव.

अजून एक शंका, पंखा आणि कूलर. पारा ४२-४३ ला गेला की स्वयंपाकघरात उभं राहवत नाही. भिंत पाडल्यावर हॉलच्या कूलरचा वारा आत येईल का?

पुण्यातली_सोलापुरी
येईल की, पण गॅसची ज्योत हलते त्याने. माहेरी असंच आहे. पंखा ओट्याच्या वर लावू नका, पेनिन्सुलाच्या पलीकडं बसायच्या बाजूला लावा.

साइटवरचा
बरोबर. आणि कूलरला हवा बाहेर जायला वाट लागते, नाहीतर घरात नुसता दमटपणा साठतो. स्वयंपाकघराची खिडकी आणि एक्झॉस्ट तीच वाट होईल. म्हणजे कूलरची हवा हॉलमधून पेनिन्सुलावरून खिडकीकडं जाईल, फक्त खिडकी शेगडीच्या रेषेत नको, सिंकच्या वर हवी.

कडक_भाकरी
करायच्या आधी एक करा. फरशीवर रांगोळीनं खऱ्या मापाचा पेनिन्सुला काढा, त्याच्या जागी जुनं टेबल, खोकी काहीतरी मांडा आणि तसाच थोडे दिवस स्वयंपाक करा. सगळ्यांना एकदम स्वयंपाकघरात बोलवून बघा.

होटगीरोडची_सून
अपडेट देते. इंजिनियर येऊन गेले, भिंत आडभिंतच आहे, बीम वेगळा आहे, पाडायला हरकत नाही म्हणाले. भिंत उतरल्यावर रांगोळीनं माप काढलं, डायनिंगचं टेबल आणि वर खोकी मांडून पेनिन्सुला तयार केला. त्यात दोन गोष्टी कळल्या. एक, ४२ इंचाची वाट माणसाला पुरते पण सासरे काठी घेऊन चालतात आणि त्याच वेळी समोरून कुणी आलं तर थांबावं लागतं, म्हणून वाट ४८ केली आणि पेनिन्सुला ७ फुटाचा. अर्धा फूट गेला तर गेला, त्यांना अडखळायला नको. दुसरं, टोकाचा कोपरा बरोब्बर धाकट्याच्या डोळ्याच्या उंचीला येतोय, तो गोल घासून घेणार.

शेगडीचा भाग ३० इंच पक्का. विटा रचून त्यावर जुना कडप्पा टाकून सासूबाईंनी स्वतः परात ठेवून थापून बघितली, आधी ३१ वर, मग ३० वर. ३० वर त्यांचे खांदे खाली आलेले मला लांबूनच दिसले. हे पण बघत होते, त्यानंतर आयलँडचा विषय त्यांनीच बंद केला.

आता फक्त प्लग राहिलेत. पेनिन्सुलावर किती द्यायचे?

साइटवरचा
भिंतीच्या टोकाला दोन, त्यातला एक १६ अँपिअरचा, इंडक्शन किंवा ओव्हनसाठी, त्याची वायर ४ स्क्वेअर मिलीमीटरची आणि स्वतंत्र एमसीबीवर. मिक्सरला ६ अँपिअर पुरतो. मोकळ्या टोकाला पुढं आलेल्या फरशीच्या खाली बाजूच्या पट्टीवर एक द्या, मुलांच्या लॅपटॉपला. जमिनीत प्लग नको, तुम्ही फरशी पाणी टाकून धुणार. आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर ह्याच कामात बसवून घ्या.

सुतार_पूर्वभाग
आणि ताई, वायरमनला ओट्याची पायरी आधी दाखवा. तो सगळे बोर्ड एकाच उंचीवर मारून ठेवतोय, मग ३० इंचाच्या भागाला बोर्ड लई वर जातो आणि वायर शेगडीवरून लोंबतीय. शेगडीच्या मागं तर बोर्ड नकोच, थापायच्या बाजूला पण नको, तिथं पीठ उडतंय. ३४ च्या बाजूला घ्या सगळे.

होटगीरोडची_सून
दादा, उद्या सकाळी वायरमन येतोय, भिंतीवर खडूनं पायरी काढूनच ठेवते.